इंग्याल्द नावाचा एडका

दरवर्षी थंडी पडू लागली, मेंढरं डोंगरावरून खाली आली, की ओद्नी त्यातला एक एडका वेगळा काढायची आणि त्याचं नाव इंग्याल्द ठेवायची. निवडायची तिची रीत ठरलेली होती. अंगानं भरलेला हवा, मान वर करून चालणारा हवा आणि दुसऱ्याच्या चाऱ्यात तोंड घालणारा हवा. मग कापायचा दिवस उजाडेपर्यंत 'या डॉक्टरसाहेब', 'पाणी प्या डॉक्टरसाहेब' अशी त्याची बडदास्त चालायची. बाकीची मेंढरं कुणीही कापावीत, तिची हरकत नसे. इंग्याल्दच्या मानेवरची सुरी मात्र तिचीच. त्याचं मांस खारवून ठेवायचं, कातडं विकायचं आणि काळीज कुत्र्यापुढं टाकायचं, हेही ठरलेलं होतं.

"यंदाचा डॉक्टर रोडावलाय गं," सिग्वाल्दी म्हणायचा. "धंद्यात बरकत दिसत नाही."

"तोंड मिट, म्हाताऱ्या. रक्त ढवळ, गोठेल."

सिग्वाल्दी हा तिच्या नात्याचा ना गोत्याचा. निराधार म्हाताऱ्यांना गावानं घरोघर पोसायला वाटून द्यायचं, अशी आमच्याकडं पद्धत होती, आणि ज्याला कुणी घेईना तो ओद्नीच्या वाट्याला आला होता. दात नाहीत, कमरेत वाक, पण जीभ शाबूत. दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे आणि एकमेकांशी पटतही नसे.

खरा इंग्याल्द हा आमच्या जिल्ह्याचा डॉक्टर. जिवंत होता, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला राहत होता, आणि ओद्नीला त्याचा जीव हवा होता. ही गोष्ट ती लपवीतही नसे. चर्चच्या दारात, बाजारात, बोटीच्या धक्क्यावर कुणी डॉक्टरचं नाव काढलं की ती म्हणायची, "एकदा माझ्या उतारावर येऊ दे त्याला." लोक हसायचे. पण हसताना थोडं मागं सरायचे.

कारण उतार, म्हणजे नदी पार करायची जागा, तिच्या हातात होता. सांदहोलारची तिची वाडी जिथं संपते तिथून करडी नदीचं पात्र सुरू होतं. बर्फाच्या पोटातून निघणारी ही नदी मोठी लबाड. काल गुडघाभर पाणी होतं तिथं आज घोडा बुडतो, आणि काल वाळूचा पट्टा होता तिथून आज धार वाहते. पूर्वेकडं जायचं तर दुसरी वाट नाही. ओद्नीचा बाप, बर्ग त्याचं नाव, लोकांना ही नदी ओलांडून द्यायचा. त्याला मुलगा झाला नाही म्हणून त्यानं लेकीला घोड्यावर घातली. पाण्यावर बारीक चुण्या असतील तिथं तळ जवळ, आणि पाणी गुळगुळीत असेल तिथं मरण, हे ती अक्षरओळखीच्या आधी शिकली. बाप गेल्यावर काम तिच्याकडं आलं. परक्याच्या घोड्याचा लगाम आपल्या मुठीत धरायचा, स्वतः धारेच्या अंगाला राहायचं, आणि त्याला दरडावायचं, "पाण्याकडं बघायचं नाही. समोरच्या काठाकडं बघायचं." पाद्री असो की जिल्ह्याचा फौजदार, सगळे निमूट समोर बघायचे. तिच्या हातून एकही माणूस वाहून गेला नव्हता. आपल्या हातून एकच जावा आणि तो इंग्याल्द असावा, एवढंच तिचं मागणं होतं.

तिचा नवरा मासेमारीच्या हंगामात दक्षिणेला गेला आणि होडीसकट बुडाला. मागं एक मुलगी राहिली, स्वानहिल्द. उंच पोरगी, बापासारखी लाल केसांची, हसली की शेजारच्या वाडीवर ऐकू जायची. तिला सतरावं लागलं आणि तिच्या पोटाला उजव्या बरगडीखाली फुगवटा दिसायला लागला. चर्चमध्ये दोन बायकांनी बोटांवर महिने मोजले. ओद्नीनं प्रार्थना संपेपर्यंत दम धरला आणि दारात दोघींना अडवलं. "कुणाचं म्हणता? नाव सांगा की. आजच लग्न लावून टाकते, पाद्रीबाबा आहेतच इथं." बायका मागच्या मागं सटकल्या.

पुढं वर्ष उलटलं तरी फुगवटा वाढतच राहिला, तेव्हा सगळ्यांनाच कळलं. हे 'आतलं दुखणं' होतं. त्या काळी आमच्याकडं हे घरोघरी होतं. कुणाची आई, कुणाचा दीर, कुणाची सासू पोटावर हात ठेवून वाकून चालायची, आणि कुणी विचारलं तर 'आतलं दुखणं' म्हणायची, की पुढं कुणी विचारत नसे. कुणी दहा वर्षं काढायचं, कुणी वीस. कुणी एके दिवशी खोकता खोकता जायचं. कुठून येतं, का येतं, हे विचारायची गोष्टच नव्हती.

ओद्नीनं होतं नव्हतं ते सगळं केलं. डांबराची पट्टी लावली. लोकरीत गुंडाळलेला तापता दगड ठेवला. पाद्रीबाबांच्या कुपीतले थेंब दिले, समुद्रकाठच्या पाल्याचा रस दिला. शेवटी डॉक्टरकडं माणूस पाठवला. इंग्याल्द तेव्हा कोपनहेगनहून नवा शिकून आला होता. बूट इतके चकचकीत की सिग्वाल्दी म्हणाला, "यात बघून दाढी करता येईल." त्यानं स्वानहिल्दचं पोट बोटांनी वाजवलं, कान लावला आणि सांगितलं की आत पाण्याची पिशवी आहे. एकदम भोसकली तर पाणी पोटात सांडेल. म्हणून वरून थोडं थोडं जाळत न्यायचं, म्हणजे पिशवी कातड्याला चिकटेल, आणि मग भोक पाडायचं.

त्यानं जाळलं. तिखट पांढरा लेप एकाच जागी लावायचा, मांस काळं पडलं की कापून काढायचं, आणि त्याच खड्ड्यात पुन्हा लेप. आठवड्यामागून आठवडे हे चाललं. घरात त्या वासानं जेवण जाईना. स्वानहिल्द खोगिराचा पट्टा दातात धरायची. पट्टा तुटला तेव्हा तिनं आईचा हात धरला. ओद्नीच्या मनगटावरच्या दातांच्या खुणा पुढं कधी गेल्या नाहीत. "उन्हाळ्यात नाचेल ही," डॉक्टर म्हणायचा आणि कॉफी मागायचा.

मग त्यानं भोक पाडलं. घमेलं ओद्नीनं धरलं होतं. झऱ्याच्या पाण्यासारखं स्वच्छ पाणी आलं, आणि त्यामागून पांढऱ्या पातळ कातड्या, लहानमोठ्या, निसरड्या. डॉक्टरचा चेहरा उजळला. "वा!" तो म्हणाला. त्यातली सगळ्यांत मोठी कातडी त्यानं चिमट्यानं उचलली, दारूच्या बाटलीत टाकली, बाटली बाहीनं पुसली आणि खिडकीच्या उजेडात धरली. अंथरुणावर पांढरीफटक पडलेली स्वानहिल्द ते बघत होती. तिनं विचारलं, "आई, तो हसतोय का गं?"

दुसऱ्या दिवशी त्याला पुढं पूर्वेकडं निघायचं होतं. त्याला नदी ओलांडून कुणी दिली असेल? ओद्नीनं. तिनं त्याचा लगाम मुठीत धरला, धारेच्या अंगाला स्वतः राहिली, आणि तो सगळा वेळ ती बाटली कोटाच्या आत छातीशी धरून बसला होता. ती घरी परतली तेव्हा स्वानहिल्द हुडहुडत होती. ताप चढत गेला. ओद्नीनं डॉक्टरला निरोप धाडला, तो आला नाही, दुसरीकडं होता म्हणे. आठवडा संपायच्या आत पोरगी गेली. काही महिन्यांनी आलेल्या बोटीनं पाद्रीबाबांना बातमी कळली, आणि त्या भल्या माणसानं ती ओद्नीला येऊन सांगितली. डॉक्टरनं पाठवलेली बाटली कोपनहेगनला मोठ्या मोठ्या लोकांनी बघितली आणि त्याची पाठ थोपटली.

त्या दिवसापासून ओद्नी वाट बघत होती.

काम अवघड नव्हतं. करडी दर एकदोन वर्षांनी कुणाला तरी न्यायचीच. 'नदीनं नेला' म्हटलं की फौजदारही पुढं काही विचारत नसे. तिनं जागासुद्धा हेरून ठेवली होती. मधल्या वाळूच्या पट्ट्याखाली एक डोह होता. वरून पाणी गप्प, शहाणं, आणि खाली दलदलीची वाळू. घोड्याचा पाय पडला की आत ओढून घेणारी. नदीनं जागा बदलली की ओद्नी घोड्यावर बसून नवा डोह शोधून यायची. बाकी कशात तिचं लक्ष लागत नसे. गवत कापताना, लोकर विंचरताना, चर्चमध्ये बसल्या बसल्या ती मनातल्या मनात त्याचा लगाम सोडायची. कधी तो ओरडायचा, कधी ओरडायलाही वेळ मिळायचा नाही. ओरडलेला तिला जास्त आवडायचा.

पण खरा इंग्याल्द हुशार निघाला, की नशीबवान, कोण जाणे. वर्षानुवर्षं तो इकडं फिरकलाच नाही. पूर्वेला जायचं तर बोटीनं जायचा. म्हणून ओद्नी एडक्यांवर भागवायची.

आणि मग एका वर्षी, मेंढरं कापायच्या दिवसांत, तो आपल्या पायांनी चालत आला.

दक्षिणेचं गरम वारं सुटलं होतं. वर बर्फ वितळत होतं आणि करडी फुगली होती. अंगणात सकाळपासून कापाकापी चालली होती. त्या वर्षीचा इंग्याल्द खुंटीला उलटा टांगला होता, ओद्नीचे हात कोपरापर्यंत लाल होते, आणि सिग्वाल्दी बादलीपाशी बसून रक्त ढवळत होता. एक लठ्ठसा माणूस थकलेला घोडा ओढत अंगणात आला. दाढी पिकलेली, बुटांना चिखल, काखेत चामड्याची पेटी.

"उतार दाखवणारी बाई तूच ना?" त्यानं विचारलं. "मी डॉक्टर इंग्याल्द. मला पलीकडं होफच्या वाडीवर जायचंय. तिथली मालकीण फार आजारी आहे."

त्यानं तिला ओळखलं नाही. ओद्नीनं त्याच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. खरंच ओळखलं नव्हतं. इतकी वर्षं ती या माणसाबरोबर उठली, बसली, जेवली, आणि या मेल्याला तिचा चेहरासुद्धा आठवत नव्हता.

"डॉक्टर आले?" सिग्वाल्दी बादलीपासून ओरडला. "मग हा टांगलाय तो कोण?"

"काय म्हणतात आजोबा?"

"वय झालंय त्यांचं," ओद्नी म्हणाली. तिचा आवाज गोड झाला होता. सिग्वाल्दीनं तो गोडवा ऐकला आणि त्याचा ढवळायचा हात थांबला. "बसा, डॉक्टरसाहेब. घोड्याला दम खाऊ द्या. करडी आज भरलेली आहे, पण मी आहे ना. मी तुम्हाला बरोबर पोचवते."

तिनं त्याला भिंतीशी बाकावर बसवलं, कॉफी दिली, लाकडी वाडग्यात दही दिलं. तो भुकेला होता. त्यानं मटामट खाल्लं. कोलूर, घरचा काळा कुत्रा, सवयीनं त्याच्यापुढं येऊन बसला. आमच्याकडं जेवण झालं की वाडगा खाली ठेवायचा आणि कुत्र्यानं तो चाटून लख्ख करायचा, हाच रिवाज. डॉक्टरनं मात्र वाडगा खाली ठेवला नाही. मांडीवर घट्ट धरून बसला. खायला दिलं तर भांडंही सोडत नाही मेला, ओद्नीच्या मनात आलं.

ती एडक्याकडं वळली. पोट फाडलं, काळीज काढलं. काळजावर नेहमीसारखे पांढरे फोड होते, एक तर बटाट्याएवढा. मेंढरांना हे होतंच. आमचे लोक त्याला 'पाणफोड' म्हणतात, आणि असलं काळीज माणसं खात नाहीत.

"घे, कोलूर. डॉक्टरचं काळीज घे," म्हणून तिनं ते कुत्र्यापुढं फेकलं.

"थांब!"

डॉक्टर बाकावरून उठून धावत आला. रिकामा वाडगा घरंगळला. त्यानं कोलूरच्या तोंडातून काळीज हिसकावलं. कुत्रा गुरगुरला, याच्या बाहीवर रक्त उडालं, तरी यानं सोडलं नाही.

"वेड लागलंय का तुला, बाई? पाणफोड कुत्र्याला घालतेस?"

"मग काय चर्चमध्ये वाहू?"

"अगं, यानंच माणसं मरताहेत!" धापा टाकत त्यानं अंगणाकडं, दाराकडं, खिडकीकडं बघितलं, आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "थांब... सांदहोलार. इथं मी आलो होतो. इथं एक मुलगी होती, लाल केसांची. तिच्या पोटातून मी पाणफोड काढला होता. केवढा मोठा! ती मुलगी कुठं दिली?"

"दिली," ओद्नी म्हणाली. "चर्चच्या मागं. तीन हात खाली."

सिग्वाल्दीनं नजर बादलीत घातली.

"मला कुणी..." डॉक्टर म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

"निरोप पाठवला होता. आणि दुसरं सांगते, डॉक्टरसाहेब. पाणफोड मेंढरांना होतो. माझी पोर मेंढरू नव्हती. तिला आतलं दुखणं होतं. मेंढराचा शब्द माझ्या पोरीला लावाल तर ही सुरी आहे माझ्या हातात."

"शब्द दोन आहेत म्हणून रोग दोन नाहीत, बाई." तो सुरीला भ्याला नाही, हे सांगितलं पाहिजे. "मीसुद्धा तुझ्यासारखाच होतो. मीसुद्धा दोनच समजत होतो. तिच्या पोटातली ती कातडी मी कोपनहेगनला धाडली, आणि तिकडून मला कळलं. हे बघ."

त्यानं काळीज उखळीच्या दगडावर ठेवलं, खिशातला चाकू काढला आणि तो मोठा फोड चिरला. आतून पाणी आलं, झऱ्यासारखं स्वच्छ. मग त्यानं चाकूच्या टोकानं आतली कातडी ओढून काढली. पांढरी, पातळ, निसरडी.

ओद्नीनं ती बघितली. एवढी वर्षं तिनं हजार वेळा पाणफोड बघितला होता, पण फोडून कधी बघितला नव्हता. कोण कशाला फोडेल? घमेल्यात पडत होतं ते हेच होतं. तिच्या डोळ्यांना त्यात शंकेला जागा राहिली नाही, आणि तिला त्या डोळ्यांचा राग आला.

"हे कुत्र्यानं खाल्लं की त्याच्या पोटात बारीक किडे होतात," डॉक्टर सांगत होता. "इतके बारीक की दिसत नाहीत. त्यांची अंडी कुत्र्याच्या अंगावर, जिभेवर. ती जीभ वाडग्याला लागते. वाडग्यातून माणसाच्या पोटात, आणि तिथं पुन्हा हाच फोड. मी आता घरोघर हेच सांगत फिरतो. कुणी ऐकत नाही. हसतात."

"म्हणजे," सिग्वाल्दी हळूच म्हणाला, "आमच्या स्वानहिल्दला कुत्र्यानं..."

"कुत्र्याला काय कळतंय, आजोबा? त्याला जे घालतो आपण..."

पुढचं तो बोलला नाही, पण ओद्नीनं ऐकलं. हा आला, जेवला, आणि माझ्या पोरीचा जीव उचलून माझ्याच पदरात टाकला! जाळलं यानं, भोक पाडलं यानं, 'वा' म्हणाला हा, टाकून पळाला हा, आणि मारेकरी कोण, तर मी! एवढ्या वर्षांत तिला त्याचा जितका राग आला नव्हता तितका त्या क्षणी आला. हात न धुताच ती खोगिरं घालायला गेली.

"ओद्नी," सिग्वाल्दी लंगडत तिच्या मागं आला. "आज नको गं. पाणी फार आहे."

"पाणी आहे म्हणूनच."

"बये, तू जे ठरवलंयस ते..."

"रक्त गोठतंय, म्हाताऱ्या. जा, ढवळ."

काठावर पोचल्यावर डॉक्टर म्हणाला की मला पाण्याचं भय वाटतं, म्हणून तर मी बोटीनं जातो. आज बोट नव्हती आणि बाई मरायला टेकली आहे. ओद्नीनं त्याचा लगाम मुठीत घेतला. "पाण्याकडं बघायचं नाही," ती म्हणाली. "समोरच्या काठाकडं बघायचं."

पहिली धार ओलांडली. दुसरी ओलांडली. पाणी घोड्यांच्या पोटाला लागत होतं आणि बर्फाचे गोळे खोगिराला आपटत होते. मधल्या वाळूच्या पट्ट्यावर आल्यावर तिनं घोडे वरच्या अंगाला वळवायचे होते. तिनं ते खालच्या अंगाला वळवले. पुढं तो डोह होता, गुळगुळीत, शांत. डॉक्टर समोरच्या काठाकडं बघत होता, सांगितलं होतं तसा. त्याला काय कळणार?

डोहाच्या कडेला तिनं घोडे उभे केले.

"आता सांगा, डॉक्टरसाहेब. माझ्या पोरीला कुणी मारलं?"

"काय? बाई, पुढं चल. थांबू नकोस इथं."

"कुणी मारलं?"

"सांगितलं ना मी तुला मघाशी..."

तिनं लगाम सोडला.

घोड्यानं एक पाऊल टाकलं आणि त्याचे पुढचे पाय गेले. डॉक्टर त्याच्या मानेवर आदळला. पाणी त्याच्या मांड्यांवर चढलं, पेटी सुटून वाहत गेली, घोड्याचे डोळे पांढरे झाले. डॉक्टरनं आयाळ दोन्ही हातांनी धरली आणि तो ओरडला. ओद्नीनं मनात इतक्या वेळा ऐकला होता तसाच तो ओरडला.

"कुणी मारलं?" तिनं विचारलं.

"मी! मी मारलं! मी भोक पाडलं, मी तिला टाकून गेलो, मी मारलं! कुत्र्याचं काही नाही, बाई, कुत्र्याचं सगळं खोटं आहे, मी आपला जीव सोडवायला बोललो! तुझा काही दोष नाही! माझा! सगळा माझा! लगाम धर, देवाशपथ, धर!"

याच्यासाठी ती जगली होती. शब्द न् शब्द तिला हवा तसा होता. उलट तिनं मागितला त्याहून जास्तच त्यानं दिला होता. ओद्नी घोड्यावर बसून ते ऐकत राहिली आणि सुखाची वाट बघत राहिली. पण तिनं काळीज चिरलेलं बघितलं होतं. हा माणूस सुरीपुढं न भिता खरं बोलला होता आणि पाण्यात मरणाच्या भीतीनं खोटं बोलत होता, हे तिला स्वच्छ कळत होतं. त्याला बुडवला तर हे खोटंही त्याच्याबरोबर जाणार, आणि मागं उरणार ते अंगणातलं खरं.

तिनं आपला घोडा डोहात घातला. छातीभर पाण्यात वाकून लगाम पकडला, शिव्या घातल्या, चाबूक ओढला. डॉक्टरचा घोडा फुरफुरत, थरथरत वाळूवर आला. मग वरच्या अंगानं, चुण्यांच्या पाण्यातून, तिनं त्याला पलीकडं नेलं.

पलीकडच्या काठावर डॉक्टर घोड्यावरून उतरला, उतरला म्हणजे पडलाच, आणि ओला, काकडत वाळूवर बसला. तिथूनच तो म्हणाला, "मी फौजदाराकडं जाणार नाही."

"जा नाहीतर राहा." ती घोड्यावरच होती. "एक विचारायचंय. हे लागलं कधी असेल तिला?"

"आता कशाला..."

"कधी?"

"हा फोड फार हळू वाढतो," त्यानं वाळूकडं बघत सांगितलं. "लहानपणीच लागला असेल. पाचसहा वर्षांची असताना. त्याच वयात मुलं कुत्र्यांत असतात."

पाचसहा वर्षांची स्वानहिल्द वाडगा घेऊन दारात बसायची. जेवण अर्धं झालं की म्हणायची, 'आई, याला देऊ?' आणि ओद्नी आतूनच म्हणायची, 'दे गं, चाटू दे. तेवढंच धुवायचं वाचेल.' मग पोर उरलेलं बोटानं पुसून खायची. चुलीपाशी बसून ओद्नी ते बघायची आणि हसायची. नवरा होता तेव्हा तोही हसायचा.

डॉक्टर उठला. त्यानं बूट काढून पाणी ओतलं, पुन्हा घातले. "काळजं जाळत जा," तो म्हणाला. "नाहीतर खोल पुर. भांड्याला कुत्र्याचं तोंड लावू देऊ नकोस. मला होफला गेलं पाहिजे." त्यानं रिकिबीत पाय घातला.

"मघाशी पाण्यात म्हणालात ते," ओद्नी म्हणाली. "कुत्र्याचं काही नाही म्हणालात. माझा दोष नाही म्हणालात."

"जीव जात होता, बाई. कुणीही म्हटलं असतं."

"हो. आता पुन्हा म्हणा."

त्यानं तिच्याकडं बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडं नीट बघितलं असेल.

"ते खरं नाही," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे खरं नाही ते. मी विचारलं का खरं आहे का? म्हणा तुम्ही. एकदा म्हणा. इथं पाणी नाही, मी लगाम धरलेला नाही. म्हणा, की मी मारलं. मी तुमच्या नावाचा एडका परत कापणार नाही. शपथ घालते स्वतःला. म्हणा."

डॉक्टर घोड्यावर चढला. लगाम वळवून तो होफच्या वाटेला लागला.

"म्हणा की!" ओद्नी ओरडली. "अहो डॉक्टर! म्हणा! तुम्हाला काय जातंय? म्हणा!"

वारं त्याच्याच दिशेनं वाहत होतं, म्हणजे त्याला ऐकू जात होतं. तो टेकाडाआड जाईपर्यंत ती ओरडत राहिली. त्यानं मागं वळून बघितलं नाही.